कॅरेटचा तळ

नाय नाय मॅडम, हॉल बघितला, बाग बघितली, ते योगाचं बी बघितलं — छान हाय, नाव ठेवायला जागा नाय. पण आता खालचा थर दाखवा ना. म्हणजे काय? अहो, आम्ही टोमॅटोवाले, एकलहऱ्याचे. कॅरेट भरताना वर लालबुंद, एकसारखा माल — अन् तळाला बारका, डागी. सगळेच करतात. मी बी करतो, खोटं कशाला बोलू? म्हणून व्यापारी सरळ तळाला हात घालतो. तसं तुमची ती मागची कुलपाची खोली दाखवा. तिथं कोण हाय? तीन महिने पोराला ठेवायचंय मला, हर्षलला — टोमॅटो नाय ठेवायचेत.

मागच्या व्यसनमुक्ती सेंटरला फसलो ना! नाव जाऊ द्या. त्यांची बी बाग होती. मी म्हटलं, नुसतं बघून काय कळतंय, पोराच्या आधी बाप दोन दिवस राहून बघेल — काय चुकलं? पायजमा दिला, टॉवेल दिला, राहिलो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, निघतो, मी काय व्यसनी नाय. तर वॉर्डवाला म्हणतो, काका, इथं सगळे हेच म्हणतात. ओरडलो — त्यानं लिहिलं, चिडचिड वाढली. गप्प बसलो — लिहिलं, उदास हाय. एकवीस दिवस, मॅडम! अन् फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही कोणाची? हर्षलची! सोडायला तोच आलेला ना. फोनवर म्हटलं, बाबा रे, सांग यांना, पेशंट तू हाय — तर पोरगं त्यांना म्हणतं, ते असंच बोलतात, ठेवा तुम्ही. अन् आईला सांगितलं, बाबांना तिथं आवडलंय. हसू नका — बरं, हसा. तंबाखू सुटली माझी. सर्टिफिकेट टीव्हीवर ठेवलंय.

पण तिथं रोज सकाळी गोल करून बसवायचे — सुरुवात कशी झाली, सांगा. कोणाला मित्रानं पाजली, कोणाला मेव्हण्यानं. माझी पाळी आली की मी म्हणायचो, मी पेशंट नाय. विसाव्या दिवशी म्हटलं, बरं, माझ्या पोराचं सांगतो — अन् तोंडच उघडेना माझं. तुमच्या फॉर्मवर बी तेच विचारलंय की. लिहा, मित्रांनी लावली. वाईट संगत. — लिहा ना. अशा काय बघताय?

बरं. घाला हात तळाला. दोन वर्षांमागं तोडणीला माणूस मिळेना. दोनशे कॅरेट, अन् उचलणारा हर्षल एकटा. पाठ धरली त्याची. गोळ्या मीच आणल्या — दुखण्याच्या, ओळखीच्या दुकानातनं, बिनचिठ्ठीच्या. एक खाल्ली की पोरगं नुसतं पळायचं. मी म्हटलं, दोन खा. माल वेळेवर निघायचा, मला लय बरं वाटायचं, मॅडम — लय बरं. माल संपला, गोळ्या नाय संपल्या. आता दिवसाला बारा लागतात. आईनं विचारलं तर म्हणतो, मित्रांनी लावली. माझं नाव घेतलं नाय त्यानं. दोन वर्षांत एकदा बी नाय. अन् मी बी ऐकून घेतलं, संगतीला शिव्या दिल्या, तिच्यासमोर त्याला दोन कानाखाली दिल्या.

आता? बाहेर हाय, पिकअपमध्ये. उतरत नाय. म्हणाला, त्या रकान्यात तुम्ही काय लिहिता ते बघतो, मग ठरवतो. मघापासून मी बाग बघतोय, खोल्या बघतोय — अन् तो तिथं बसलाय.

लिहिलं? बापानं, असं लिहिलंय ना? मोठ्या अक्षरात? द्या इकडं. नको, मागची खोली नाय बघायची आता, राहू द्या तुमचं कुलूप. तुम्ही नका येऊ बाहेर. त्याच्या शेजारी छाया बसलीय, त्याची आई — तिला वाचता येतं.