फोटोतले दोन्ही हात

जबाब

मी कमळाकर दत्ताराम साळवी (कमळाकर ळ ने), वय ५३ वर्षे, धंदा गार कंटेनरच्या कूलिंग युनिटची दुरुस्ती, शिक्षण नववी, पुढचे स्वतः वाचून, राहणार रोडपाली, कळंबोली, ता. पनवेल. आज पोलीस ठाण्यात आपण होऊन येऊन सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी शशिकला व मुलगी अनुया यांच्यासह राहतो. न्हावा शेवा बंदरातले फळे व मासळीचे गार कंटेनर आमच्या यार्डात दुरुस्तीला येतात. हे काम मला कोणी शिकवले नाही. इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी जवळ ठेवून वाचली. निकेश घरत, रा. उलवे, हा माझ्या हाताखाली होता. साबणाच्या फेसाने गॅसची गळती कशी शोधायची हे त्याला मी दाखवले. गेल्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीत गेला. जाताना पेढे दिले.

लिंक्डइन हे नोकरीधंद्यातल्या ओळखींचे ॲप आहे. त्यावर माझे खाते अनुयाने काढून दिले. मी त्यावर काही टाकत नाही. केलेले काम दिसते, ते निराळे दाखवावे लागत नाही. निकेश रोज टाकतो. त्याचे मी वाचतो ते चुका आहेत का एवढ्यापुरते. चुका असतात.

गेल्या मंगळवारी जेवताना त्याने टाकलेला फोटो पाहिला. तांब्याची नळी डाक देऊन जोडणारे दोन हात, चेहरा नाही. डाव्या अंगठ्याचे नख दुभंगलेले आहे. ते नख माझे आहे. निकेशच्या हातात पुष्कराजाची अंगठी असते, ती फोटोत नाही. वर लिहिले होते, 'अनुभव हाच गुरू.' त्याला सिंगापूरच्या माणसांनी पसंती दिली होती. अनुयानेही दिली होती.

उलव्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रात शिकवण्यासाठी त्याला बोलावल्याचे मी यार्डात ऐकले होते. त्याच जागेसाठी मी स्वतःच्या अक्षरात अर्ज दिला होता, त्यात फोन नंबर घालायचा राहिला होता. उत्तर आलेले नाही.

मी फोटोची प्रत जपून ठेवली आणि खालचे काही न वाचता निकेशला तिथेही आणि फोनवरही ब्लॉक केले. पत्नीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "मग तुम्ही पण टाका की. तुमचे हात कोणी धरलेत?" ताक प्यायचे राहिले.

तरी फोटो काढायला लावावा व निकेशला समज द्यावी, म्हणून आज आलो. हवालदार किशोरी पाटील मॅडम म्हणाल्या, "काका, गुन्हा काय लिहू? हात चोरले?" पुढे त्यांनी हेवा हा शब्द वापरला. मला हेवा नाही. तो शब्द जबाबात घेऊ नये असे मी सांगितले.

मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवर निकेशचे पान उघडले व फोटोखालचा मजकूर मोठ्याने वाचला. पहिले वाक्य निकेशचे होते, 'हे हात माझे गुरू कमलाकर साळवी सरांचे.' त्याखाली प्रशिक्षण केंद्राच्या बाईंनी विचारले होते, 'शिकवायला तेच हवेत. संपर्क द्याल?' निकेशने लिहिले होते, 'सरांनी ब्लॉक केलंय. घरी जाऊन विचारतो.'

मी मॅडमना ते पुन्हा वाचायला सांगितले. साळवीतला ळ त्याला सापडला होता, कमळाकरमधला नाही. तेवढ्यापुरती माझी तक्रार कायम आहे, असे मी म्हणालो.

मॅडमनी त्यांच्या फोनवरून निकेशचा नंबर लावून माझ्या हातात दिला. मी 'साळवी बोलतोय' म्हणालो. तो म्हणाला, "सर, तुमी? हा नंबर कोनाचा?" काय बोलायचे ते ठरवून आलो नव्हतो. नावात ळ असतो, एवढे सांगितले. तो म्हणाला, "आत्ता करतो. तुमी कुठं हाय? घ्यायला येतो." मी पोलीस ठाण्याचा पत्ता सांगितला. त्याने तो दोनदा विचारून घेतला, मग म्हणाला, "येतो सर."

माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. पहिल्या ओळीत टायपिंगमध्ये 'कमलाकर' झाले होते. ते मला घ्यायला आलेल्या निकेश घरत याने बोट ठेवून दाखवले, आणि दुरुस्त झाल्यावर मी सही केली.