पडणाऱ्याला बांधायची दोरी

…आणि तिला ब्रेकच नाही. तुम्हाला सांगतो, मी दोनदा विचारलं, ब्रेक कुठाय, तर तो विकणारा, गॉगल डोक्यावर चढवून आकाशाकडे बघत बोलणारा माणूस, मला म्हणतो, "अरे मित्रा, पाण्यात ब्रेक कशाला? पाणी हाच ब्रेक." आणि आमचे बाबा मान डोलावतात. वा, म्हणजे उद्या मोटारीलाही ब्रेक नको, समोर भिंत आहेच की. पण मी बोललो तर बाबा काय म्हणणार हे मला पाठ आहे. तरी बोललो, आणि तेच म्हणाले, "तू इंजिनिअरिंग पूर्ण केलं असतंस तर तुझं ऐकलं असतं. एकदा हाती घेतलं की मधेच सोडायचं नाही."

हे वाक्य आमच्या घरात भिंतीवर लिहिलेलं नाही, एवढंच. मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, कारण पहिल्या वर्षाला धीर झाला नव्हता. पोहण्याचा क्लासही सोडला, तरंगता यायला लागलं आणि पुढे हात मारायचा कंटाळा आला. तेव्हापासून भात अर्धा टाकला तरी, "मधेच सोडायचं नाही."

तर ही वॉटर स्कूटर. जुनी, म्हणजे कुणीतरी वापरून कंटाळलेली. का घ्यायची, तर बाबा म्हणाले, आपण चौघं एका घरात राहतो पण एकत्र काही करत नाही. आता मला सांगा, एकत्र काही करायचंच होतं तर एकत्र जेवता आलं असतं, टीव्ही बंद करून दोन शब्द बोलता आले असते… नाही, एकदम पाण्यावर. बरं, ती तीन जणांची. आम्ही चार, बाबा, आई, काका आणि मी. हे आईने दाखवून दिलं तर म्हणतात, "आळीपाळीने एकत्र जाऊ." आणि काका लगेच, "हो, आळीपाळीने." काकांचं स्वतःचं असं एक वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. बाबा म्हणतात त्याचं शेवटचं टोक पकडायचं आणि परत म्हणायचं, त्यावर माणसाचं वय साठ झालं.

खरेदी कशी केली ते ऐका. बाबा हात मागे बांधून तिच्याभोवती फिरले. मग ती ज्या ट्रेलरवर ठेवली होती त्याच्या टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "टायर चांगले आहेत." काका म्हणाले, "टायर चांगले आहेत." अहो, ती पाण्यात चालते! मग विचारलं, आधी कोण चालवायचं? "एक डॉक्टर. फक्त रविवारी." जगातली प्रत्येक जुनी गाडी कुठल्यातरी डॉक्टरने फक्त रविवारीच चालवलेली असते. हे डॉक्टर बाकीचे दिवस नक्की काय करतात? आणि एवढ्या गाड्या असूनसुद्धा वेळेवर का येत नाहीत? मी म्हटलं, बाबा, आपल्यापैकी कुणालाही पोहता येत नाही. म्हणाले, "पोहायला कोण चाललंय? स्कूटरच आहे ती. मी तुझ्या जन्माआधीपासून स्कूटर चालवतोय."

मग त्या गॉगलवाल्याने दोन गोष्टी नीट समजावून दिल्या, हे मात्र कबूल. पहिली, मागच्या बाजूला खाली दोन बुचं आहेत. पाण्याबाहेर काढून धुतली की बुचं काढायची, आतलं पाणी निथळू द्यायचं. आणि पाण्यात उतरवण्याआधी परत घट्ट बसवायची. दुसरी, ही लाल दोरी. एक टोक हँडलजवळच्या बटणात, दुसरं मनगटाला. "माणूस पडला की दोरी निघते, इंजिन बंद."

आता कुणीही शहाण्या माणसाला कळेल की ती चालवणाऱ्याने बांधायची. पण बाबांनी विचार केला. माणूस पडला की इंजिन बंद… म्हणजे जो पडणार असेल त्याला बांधायची. आणि माझ्याकडे बघितलं. काकांनी पण बघितलं. आमच्या घरात पडणारा कोण, हे केव्हाच ठरलेलं आहे, त्याला मतदान लागत नाही.

घरी आणल्यावर बाबांनी ती तीनदा धुतली. बुचं काढून ठेवली. निघायच्या दिवशी सकाळी मी विचारलं, अगदी सरळ विचारलं, बाबा, ती बुचं कुठायत? तर म्हणाले, "जागेवर आहेत. मला वस्तू जागेवर ठेवायची सवय आहे, तुझ्यासारखी नाही." झालं. नापासाने पासवाल्यांना प्रश्न विचारायचे नसतात.

तलावावर पोचलो. काकांनी गाडी उलटी घेऊन ट्रेलर उतारावरून पाण्यात घातला, बाबा हातवारे करतायत, येऊ दे, येऊ दे, आणि काका आतून ओरडतायत, "येऊ दे?" लाइफ जॅकेट एकच अंगावर बसणारं होतं, दुसरं लहान मुलाचं. मोठं कुणाला? मला, कारण मी पडणार. मी म्हटलं तुम्ही घाला, तर म्हणाले, मला काय होतंय. आई काठावर उभी. तिने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा त्या यंत्राकडे, आणि मला म्हणाली, "यांच्या मागे बस, आणि लक्ष ठेव." कशावर, ते सांगितलं नाही. चाळीस वर्षं ती तेच करतेय, तिला वाटलं समजेल मला.

बसलो. दोरी माझ्या मनगटाला. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि म्हणाले, "पलीकडच्या काठाला हात लावूनच परत यायचं. मधेच सोडायचं नाही." आणि निघालो. हळूहळू, बरं का, कुणी पाहुण्याला स्टेशनवर सोडायला निघावं तसं. थोड्या वेळाने माझे मोजे ओले झाले. म्हटलं, असेल, पाणी आहे, उडतं. मग पँट ओली झाली. म्हटलं, "बाबा, मागून खाली जातेय ही." म्हणाले, "तू मागे बसलायस म्हणून. वजन कमी कर." मी मागे वळून बघितलं तर ज्या दांडीला मी धरून बसलो होतो ती दांडी पाण्याखाली. आणि समोर, तुम्हाला सांगतो, समोर पाण्याचा रंग बदलत होता. अलीकडे मातकट, पलीकडे काळं. आणि बाबा त्या काळ्याकडे निघालेत, ताठ बसून, जॅकेट नाही, पोहता येत नाही, टकलावर ऊन चमकतंय. त्या टकलावर मी किती विनोद केलेत, पण त्या क्षणी मला ते सोडून जगात दुसरं काही नको होतं. म्हटलं, "बाबा, थांबवा." म्हणाले, "ब्रेक नाही."

मी उडी मारली.

वाचवायला वगैरे नाही. खोटं कशाला बोलू, घाबरून मारली. दोरीबिरी डोक्यातच नव्हती. पण माझ्याबरोबर दोरी आली आणि इंजिन गप्प. एकदम शांतता. आणि त्या शांततेत बाबांचा आवाज, "सोडलंस? मधेच सोडलंस ना?"

माझे पाय तळाला लागले होते. पाणी छातीपर्यंत. पण बाबा उतरायला तयार नाहीत. यंत्र खाली चाललंय, हे वर बसलेत, हँडल धरून. पाणी मांडीवर आलं, पोटावर आलं, माणूस हलत नाही, जसं काही ही बुडतेय ते दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली. शेवटी काठावरून आई म्हणाली, ओरडून नाही, घरात पंखा बंद करा म्हणते त्या आवाजात, "अहो, उभे राहा."

उभे राहिले. पाणी बरगड्यांपर्यंत. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी झटकला नाही. पुढे काळं पाणी होतं, चार हातांवर. दोघांनी तिकडे बघितलं. तिथपर्यंत गेलो असतो तर हे मी तुम्हाला सांगत बसलो नसतो, किंवा बसलो असतो, पण हसून नाही.

काठावर आलो. बाबांनी शर्ट काढला, पिळला, आणि खिशातून टप, टप… दोन बुचं. चष्मा, पेन आणि बुचं, महत्त्वाच्या वस्तू शर्टाच्या खिशात. मग काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाचं न ऐकता स्वतःचं वाक्य म्हटलं, "दादा, जागेवर म्हणालास ती जागा हीच का?" आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी पण हसलो, आणि टॉवेल बाबांच्या खांद्यावर टाकला.

आता ती खाली पार्किंगमध्ये असते. मेकॅनिक म्हणाला, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. बाबा म्हणाले, "राहू दे." राहू दे! मी ऐकत होतो बरं का, वाट बघत होतो, पुढे ते वाक्य येईल म्हणून. नाही आलं. आणि परवा शेजारी आले तर त्यांना सांगतायत, "कुठे थांबायचं हे कळायला अक्कल लागते." म्हणजे मी सोडलं तर पळपुटेपणा, यांनी सोडलं तर अक्कल. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण समोर बसले होते, कोरडे, पाय पसरून, माझ्याच नावाने शेजाऱ्यांकडे कुरकुर करत होते… म्हटलं करा. भांडायला माणूस घरात आहे, आज नाही तर उद्या भांडू.

आई म्हणते, घरात अर्धवट सोडलेल्या वस्तू आता दोन झाल्या, एक खाली, एक मी. खालचीवर निदान ताडपत्री तरी घालता येते.