वाईट बोलण्याचा डबा

बँकेच्या रांगेत शिंपीकाकांच्या मागे एक जोडपं उभं होतं. बायकोच्या हातातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा पैशांनी खुळखुळत होता. काकांनी मान वळवली नाही, कान मात्र मागेच ठेवले.

"आपला नंबर यायच्या आत खिडकी बंद होणार बघ."

"टाका दहा."

"अगं, हे वाईट बोलणं नाही, अनुभव आहे."

"ठरलं म्हणजे ठरलं. वाईट बोललात की दहा डब्यात."

"घे. पण हे कर्ज काही या जन्मी फिटत नाही."

"आणखी दहा."

"सुट्टे नाहीत."

"मग वीसची नोट टाका आणि अजून एक बोला."

"काय बोलू?"

"मला काय विचारता? एरवी झोपेतसुद्धा बोलता."

"आता नाही सुचत. खरं सांगू? या महिन्याचा अख्खा हप्ता डब्यातून निघाला, हे बघून बरं वाटतंय. फिटेल गं सगळं."

"अहो, असं काय करता!"

"का? चांगलंच बोललो ना?"

"तेच तर! तुम्ही असे सुधारलात तर पुढचा हप्ता कुठून भरायचा? बुडालोच आपण!"

 मग डब्याचं झाकण करकरलं.

"टाक दहा."

"माझ्याकडेही वीसचीच नोट आहे."

शिंपीकाकांनी मान न वळवता दहाच्या दोन नोटा मागे धरल्या.