नासोनीमामाची दुहेरी सुस्ती

आता मला सांगा, माणसाला झोपेची गोळी द्यायची, आणि तो झोपला की सगळ्यांनी मिळून त्याच्या भाच्याला धरायचं, हा कुठला न्याय? "तू बरोबर होतास, तुला माहीत असणारच..." अहो, मला काय माहीत असणार, मी बसथांब्यावरच्या बाकावर बसून उकडलेला कसावा खात होतो. पण आमच्या फिजीत मामाच्या घरातलं वाट्टेल ते उचलायचा हक्क भाच्याला, तेव्हा मामालाच उचलायची वेळ आली की तेही भाच्यानंच करायचं...

तुम्हाला सांगतो, नासोनीमामासारखा सावकाश माणूस सावुसावूच्या किनाऱ्याला पुन्हा झाला नाही. वादळात स्वयंपाकघराचं छप्पर उडालं, मामी आकाशाकडे बघत उभी, मामा म्हणाला, "बघू सावकाश." होडी सुटली, "बघू सावकाश." आणि हे सगळं यंगोनाच्या जोरावर. त्या झुडपाची मुळं कांडायची, फडक्यात बांधून पाण्यात पिळायची, लाकडी काथवटीत ते गढूळ पाणी, आणि भोवती मांडी घालून बसलेला अख्खा गाव, टाळी वाजवायची, करवंटी तोंडाला लावायची, रिकामी करायची. दारू नव्हे हं, दारूनं माणूस भांडायला उठतो. यंगोनानं आधी ओठ बधिर होतात, मग जीभ जड, मग गुडघे म्हणतात, आम्ही इथंच बरे.

काय दिवस होते ते... इलियासा आणि मेसाके, सख्खे भाऊ, नारळाच्या झाडांवरून भांडत एकदा कोयते घेऊन मामाच्या दारात आले. मामानं वर न बघता सांगितलं, "बसा. आधी एकेक करवंटी." एकाची दुसरी झाली, दुसरीची कितवी झाली कुणास ठाऊक, आणि दिवस कलताना इलियासा म्हणतो, "मेसा... तुझी ती... झाडं..." मेसाके बराच वेळ विचार करून म्हणतो, "कोणती?" कोयते भिंतीला टेकून राहिले, भाऊ एकमेकांना टेकून राहिले. दुसऱ्या दिवशी येऊन शहाण्यासारखे बोलले, हद्द ठरली. गाव म्हणे, काय हा न्याय! मामा म्हणे, "सावकाश केला ना."

तर मामाला हर्निया. ऑपरेशन दोनदा पुढं ढकललेलं, दोन्ही वेळा मामाच वेळेवर पोचला नाही म्हणून. मामीनं, वासितीमामीनं, बजावलं, "अहो, या खेपेला तसेच परत आलात तर मी माहेरी जाईन, आणि तिथून मात्र सावकाश येईन." मामा घाबरला. पण गावाचा निरोप घेतल्याशिवाय निघायचं कसं? सकाळपासून निरोप चालू, ज्याच्या त्याच्या घरी काथवट, आणि मी गेलो होतो बस थांबवायला! इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, यंगोना घेतली होती का?" हो म्हटलं तर पुन्हा पुढची तारीख, पुढची तारीख म्हणजे मामी माहेरी. मामा म्हणाला, "छे."

पण भीतीनं बिचारा सारखा दाराकडे बघत होता. बाईंनी मन शांत व्हायला एक गोळी दिली. झालं... मामा असा झोपला, असा झोपला, की हाक ऐकेना, चिमटा कळेना, श्वास इतका संथ की एक आला की दुसरा येतोय का म्हणून आम्ही सगळे आपला श्वास धरून उभे. नळ्या आणल्या, प्राणवायू लावला. बाई माझ्याकडे वळल्या, "खरं सांगा, काय प्यायलेत हे?" मी म्हटलं, "बाई, मी बसपाशी होतो हो..." मामी रडत म्हणाली, "प्यायलेच असणार, निरोपाला गाव कोरडा सोडतो का कधी?"

मग बाईंनी समजावलं. मेंदूच्या पेशी दिवसभर एकमेकींना हाका मारत असतात, श्वास घे, डोळे उघड, ऊठ. यंगोनानं त्या हाका मंदावतात. गोळीनंही तेच होतं. दोन्ही एकदम म्हणजे हाका इतक्या बारीक होतात की श्वास घ्यायची आठवणसुद्धा राहत नाही. मी ऐकत होतो, मामी मात्र मामाच्या कानाशी वाकून बसली, ती उठेचना. "अहो, उठा. माहेरी नाही जात मी. उठा आता." दुपार सरली. एक डोळा किलकिला झाला. मामा म्हणाला, "बघू... सावकाश." मामीनं त्याच्या दंडावर चापट मारली, आणि तिथंच डोकं टेकून पुन्हा रडली.

ऑपरेशन पुढं झालं, नीट झालं, पण यंगोना कायमची बंद. आणि तुम्हाला सांगतो, मामा बदलला. गुळगुळीत दाढी, पहाटे उठणं, दर गोष्टीला "चला, आटपा!" इलियासा आणि मेसाके पुन्हा भांडत आले, या वेळी डुकरावरून. मामानं उभ्या उभ्या निकाल दिला, निकाल अगदी बरोबर होता, आणि दोघंही चिडून गेले, वर्षभर बोलले नाहीत. मामाला ते फार लागलं. मला म्हणाला, "भाच्या, माझ्यात अक्कल होती असं वाटायचं मला. नुसता वेळ होता रे." तेव्हापासून तो पुन्हा काथवटीपाशी बसायला लागला. करवंटी दुसऱ्यांना द्यायची, स्वतः शहाळं घ्यायचं, आणि वाट बघायची. काहीही न पिता सावकाश होणं, कठीण हो फार ते. त्याला जमलं.

गेल्या वर्षी मामा गेला. त्याच्यासाठी गावानं प्यायली, पोटभर प्यायली, इलियासा-मेसाके खांद्याला खांदा लावून बसले. पाद्रीबाबा म्हणाले, चला, दफनाला न्यायची वेळ झाली. सगळे म्हणाले, हो, निघू. आणि कुणी हलेना, मीसुद्धा. मामी दारात उभी राहिली, सगळ्यांकडे बघितलं, तळहातानं डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "चटई टाक गं, मीही बसते. यांनी मला आयुष्यभर ताटकळत ठेवलं, आता थोडा वेळ यांना थांबू दे."