तळ्याकाठचा दवाखाना

...नाही, पण मला सांगा, सत्तरी ओलांडलेला माणूस सकाळी सकाळी बेसिनमध्ये कॉफीच्या चोथ्यासारखी काळी उलटी करतो, भिंतीला धरून उभा राहतो, चेहरा पांढराफटक, आणि मुलीला काय सांगतो? ''मी ठणठणीत आहे!'' अहो, कसले ठणठणीत? आणि कॉफी म्हणतेय मी, पण आमच्या बाबांनी जन्मात कॉफी प्यायलेली नाही! नागपूरहून इथे माझ्याकडे ईडन प्रेरीला आले तेसुद्धा चहापत्ती बॅगेत घालून. मग हे काळं आलं कुठून? तर म्हणे, ''चैत्राली, तुमच्या अमेरिकेतला पालक फार काळा असतो.'' पालक! परवापासून शौचालाही काळंच होतंय, हेही तेव्हाच कळलं, तोपर्यंत सगळं पालकाच्या नावावर खपवलेलं! अँब्युलन्स बोलावते म्हटलं, तर ''नको, शेजारी काय म्हणतील?'' अहो, मला त्या शेजाऱ्याचं आडनावही माहीत नाही! बोलावलीच मी. आणि स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्या लोकांना काय सांगतात? ''आय ॲम फिट ॲण्ड फाइन!'' म्हणजे ठणठणीत, इंग्लिशमधून.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण, आवाज इतका गोड की वाईट बातमीसुद्धा प्रसादासारखी वाटावी. ''डझ ही ड्रिंक?'' झालं! बाबा ताडकन उठून बसायला गेले, ''नेव्हर, मॅडम!'' ''एनी पेनकिलर्स? ॲस्पिरिन?'' ''नो, मॅडम.'' काहीच नाही! मग ती बिचारी मला समजवायला लागली, पोटात अल्सर म्हणजे जखम असेल, एक जंतू असतो त्यानेही होतं, लिव्हर बिघडली की अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात, उलट्या करून करून आत चीर पडते, क्वचित ट्यूमर... ट्यूमर म्हटल्यावर मला पुढचं ऐकूच येईना हो. आई गेल्यापासून माझ्या माहेराचं म्हणून एवढं एकच माणूस उरलंय, आणि त्याच्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली, आणि ते नर्सला विचारतायत, ''यू हॅड लंच?''

डॉक्टरीण म्हणाली, रक्त कशामुळे जातंय ते लवकर कळलं तर बरं. असे पेशंट तरुणही असतात, पण जास्त करून साठीच्या पुढचे, त्यातही पुरुष जास्त, गुडघे-कंबर दुखते म्हणून गोळ्या खाणारे, वर हार्टसाठी ॲस्पिरिन, आणि पोटात दुखेलच असंही नाही, एकदम रक्तच... आणि तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोर लख्खकन आमच्या घरामागचं तळं आलं! तळं, तळ्याकाठचा बाक, आणि बाकावर ओळीने बसलेले सगळ्यांचे बाबा!

तुम्हाला माहीत नसेल. मिनेसोटातला बर्फ वितळला की आमच्याकडे सगळ्यांचे आईवडील भारतातून येतात. येताना प्रत्येकाकडे औषधांची पिशवी, सहा महिन्यांचा साठा, कारण इथे डॉक्टरकडे जायचं म्हणजे मुलांना त्रास! संध्याकाळी वडील मंडळी बाकावर जमतात, आणि आपण शेंगदाणे पुढे करतो ना, तशा गोळ्या पुढे करतात. त्यांचे म्होरके अरुणकाका, पुण्याचे, बँकेतून रिटायर. डॉक्टर नाहीत. त्यांचा भाचा डॉक्टर आहे! ''घ्या हो देवदत्तराव, ही गुडघ्याला. आणि ही छोटी हार्टला. मला चालते, म्हणजे तुम्हाला न चालायला काय झालं?'' देवदत्तराव म्हणजे आमचेच बाबा!

''बाबा, अरुणकाकांच्या गोळ्या घेता?'' बाबा छताकडे बघायला लागले. मग हळूच, ''हळू बोल! प्रिस्क्रिप्शनशिवाय गोळ्या वाटल्या म्हणून पोलीस उचलतील त्यांना. व्हिसावर आलेला माणूस!'' मी रडायलाच लागले, नर्ससमोर, अगदी भोकाड पसरून. ''ते जातील पुण्याला विमानात बसून, तुम्ही कुठे निघालात?'' तेव्हा कुठे बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, ''बेटा, गुडघा दुखतो म्हटलं असतं तर तू बाहेर सोडलं नसतंस. तुम्ही दिवसभर ऑफिसात. त्या बाकावर चार माणसं मला नावाने हाक मारतात.'' आता यावर काय रागवणार, सांगा?

डॉक्टरणीला सगळं सांगितलं. तोंडातून नळी घालून पाहिलं, तर जठरात अल्सर, त्या गोळ्यांनीच झालेला, त्यातून रक्त वाहत होतं. क्लिप लावली, थांबलं. ट्यूमर नाही. मी पुन्हा रडले. शुद्धीवर येताना बाबांचे ओठ हलले, मी कान लावला, तर... ''ठणठणीत.''

बाबा घरी आले तशी मी तडक बाकावर गेले. सगळ्या काकांना फैलावर घेतलं! अल्सर काय, रक्त काय, सगळं समजावलं, दुसऱ्याची गोळी तोंडात घालायची नाही म्हणून दटावलं. सगळे माना डोलावत होते. अरुणकाकांच्या तर डोळ्यांत पाणी, ''चुकलंच गं आमचं. आमच्यामुळे केवढी धावपळ झाली तुझी. चेहरा बघ कसा ओढलाय... डोकं दुखत असेल ना?'' आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली हो, ''ही घे, एकदम सेफ आहे!''

आणि खरं सांगू? डोकं इतकं ठणकत होतं ना... की हात आधी पुढे गेला, आणि लाज नंतर वाटली!