काडीनं काढलेलं दार

नाही, घरात नाही असं कुठं म्हणाले मी? भेटायची नाही म्हणाले. दोन्हींत फरक आहे की नाही, तू शिकलेली, तूच सांग. वर आहे असिमिना — कपाळाला बटाट्याच्या चकत्या लावून, वरनं फडकं आवळून पडलीय. डोकं दुखतंय म्हणाली. फोन उशीखाली कोंबलाय, मग तुझा कसा उचलणार? तू बस. घरी आलेल्या माणसानं मुरंबा खाल्ल्याशिवाय उठायचं नाही, आमच्या गावात तसं करत नाहीत. चेरीचा आहे, आंबटगोड. घे चमचाभर, वर पाणी पी. — बघत काय बसलीस? आज मीठ नाही घातलेलं. हां, हसलीस. म्हणजे तेव्हा कळलं होतं तुला. पहिल्या गुरुवारी तुझ्या बशीत मी मीठ कालवून दिलं होतं, आणि तू शेवटच्या थेंबापर्यंत चाटून खाल्लंस, वर म्हणालीस, "हाताला चव आहे हो, आजी." तेव्हाच ओळखलं मी, ही बाई धोक्याची.

कॉफी ओततेय. सावकाश पी, गाळ तळाशी राहू दे. मग कप बशीवर उलटा घाल, गाळात तुझं नशीब काय निघतंय ते मी बघते. या गावात चाळीस वर्षं कप बघतेय मी. कुणी शेळी विकायची, कुणी पोरगी कुठं द्यायची, कुणी रुसलेल्या नवऱ्याला दार उघडायचं न् कुणी नाही — सगळ्या याच टेबलाशी येऊन बसायच्या. आणि असिमिना तर रोज. सून होऊन आली तेव्हापासून, बावीस वर्षं. मुलगा माझा बोटीवर, सहा-सहा महिने त्याचं तोंड दिसत नाही, घरात आम्ही दोघीच. सकाळ झाली की कॉफी, कॉफी झाली की कप उलटा — "बघा ना आई, आज काय म्हणतोय?" वांगी करू का भेंडी, हेसुद्धा कपाला विचारायची गं ती. कपाला म्हणजे कुणाला? मलाच की.

आणि मग तू आलीस. थेसालोनिकीहून, मोठ्या शहरातनं, ती पांढरी गाडी घेऊन. जुन्या शाळेत गोल खुर्च्या मांडल्यास, आमच्या मुरंब्याच्या सोसायटीतल्या सगळ्या बायका बसवल्यास. आठ गुरुवार. पुढं यायचं म्हणे, स्वतःचा आवाज शोधायचा म्हणे — आवाज काय, कोंबडीलाही असतो, अंडं घातलं की अख्ख्या आळीला सांगते. मी खिडकीखाली शेंगा सोलत बसायची. ऐकायला नाही, तिथं सावली असते म्हणून. तर काय, तू काही सांगतच नाहीस. विचारतेस, "तुला काय हवंय?" आणि गप्प. समोरची रडते, हसते, नाक पुसते, तू आपली गप्प. मी म्हटलं, ही शिकवणार कधी? मी निदान घोडा दिसतोय, वाट दिसतेय असं काहीतरी हातात देते माणसाच्या.

तिसऱ्या गुरुवारनंतर काय झालं, सांगू? असिमिनानं कॉफी संपवली, उठली, आणि कप नळाखाली धरला. माझ्यासमोर. गाळ गेला मोरीत. म्हणते, "आज राहू दे आई, मला ठाऊक आहे काय करायचंय ते." बरं म्हटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी पण धुतला. तिसऱ्या पण. त्या नळाचा आवाज आला की मी मुद्दाम भांडी आपटायची. सवतीचा मत्सर ऐकलाय, जावेचा ऐकलाय — नळाचा मत्सर करणारी मीच पहिली असेन. हस, हस.

आणि रात्रंदिवस ते एकच. चार माणसांत बोलताना अडखळते ना ती, लहानपणापासूनची सवय, तर आरशासमोर उभी राहून घोकायची. "मी असिमिना. मला ही सोसायटी चालवायचीय. कारण मुरंबा आपण करतो आणि भाव दुसराच ठरवतो." मी भिंतीच्या अलीकडं. सगळं पाठ आहे मला, कुठं थांबायचं तेसुद्धा. पाण्याचा घोट कुठं घ्यायचा तेसुद्धा. — का पाठ आहे म्हणून विचारू नको. भिंत पातळ आहे.

तशी मला कुणी विचारलं होतं का? विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. अडतीस वर्षं झाली, सोसायटी नव्यानं निघाली तेव्हा. शेतीखात्याचा साहेब आला होता, पोट पुढं, पाय फेंगडे. त्याच शाळेत. म्हणाला, चेअरमन कोण होणार? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, कारण पाक माझ्या हातचा, नुसत्या वासावर सांगते उतरवायचा कधी ते. आणि साहेबानं तो मोठा कागद पुढं केला, वाच म्हणाला आणि सही कर. चौथीपर्यंत गेलेली मी, तीही निम्मी शेळ्यांमागं. मग काय केलं? बाकावर चढले आणि साहेबाची चाल करून दाखवली, बदकासारखी, हे असं. काय हसल्या बायका, डोळ्यांतनं पाणी. कॅलिरोईला तर उचकी लागली. आणि हसता हसता कॅलिरोईचंच नाव लागलं कागदावर, ती वकिलाची बायको. मला वाटलं होतं, हसून झालं की एखादी तरी म्हणेल, पुरे झाली मस्करी, गारुफल्या, तूच हो. कुणी नाही म्हणाली. गेलं ते. पातेल्यात डाव फिरवायला अक्षर कुठं लागतं? आणि कुणी तुझ्यासारखी खुर्ची समोर ओढून विचारत पण नव्हतं तेव्हा. मला नाही विचारलं. तिला विचारलं.

कप उलटा घातलास? थांब, गाळ उतरू दे.

तर परवा काय झालं — परवा अंगणात दूधवाला ओरडला म्हणून ती कप न धुता तशीच बाहेर पळाली. टेबलावर कप. बरं, मी उलटा घातला, सवयीनं. बघितलं, तर काही नाही, नुसते डाग, पावसाळी भिंतीसारखे. मग मी काडी घेतली. काडीपेटीतली. आणि गाळात एक दार काढलं, बंद दार, आणि दारासमोर पडलेली बाई. छान जमली होती हो, डोक्यावरचं फडकंसुद्धा आलं होतं. ती आली तशी म्हटलं, बघ बाई, मी काही बोलत नाही, तूच बघ. तिनं बघितलं. पांढरी पडली. म्हणाली, "आई, आरशातसुद्धा त्याच शब्दाला अडते मी. सगळ्यांसमोर अशीच पडणार." मी म्हणायला हवं होतं काहीतरी. नाही म्हटलं. आज बाराच्या घंटेनंतर शाळेत नवी चेअरमन निवडायला हात वर करायचे आहेत, आणि ती सकाळपासून बटाटे लावून पडलीय. निळा फ्रॉक काल इस्त्री केला होता, तो आपला दाराला लटकतोय. नाव काढून टाका म्हणून कॅलिरोईला निरोप धाडते म्हणाली. मला म्हणाली, तुम्हीच जा. मी अजून गेले नाही. गुडघा दुखतोय माझा.

अगं बाई.

तू माझ्यावरच चालवलंस की. मघापासून एक शब्द नाही तुझा, नुसती बघत बसलीस, आणि मी आपली शेंगेसारखी सोलून निघाले. मीठच घालायला हवं होतं आज, मूठभर. — तो कप सोड. काय दिसणार आहे त्यात? गाळ असतो, बाई. चाळीस वर्षं गाळच होता.

थांब. जिना वाजला. खालची दुसरी पायरी सैल आहे, कुणी उतरलं की कुरकुरते. मघाशी पण एकदा कुरकुरली होती, मी म्हटलं मांजर असेल.

असिमिना? किती वेळ उभी आहेस तिथं? काडीचं ऐकलंस? — बोल की काहीतरी. शिव्या दे. — बघ, बघ हिच्याकडं, ही पण शिकली गप्प बसायला.

निळा शोभतो तुला. चकती काढ ती कपाळावरची, अशी जाणार होय चेअरमन व्हायला? आणि "भाव"पाशी अडलीस तर थांब, घोट घे पाण्याचा, त्यांना वाटेल मुद्दाम थांबलीस. जा. जा दोघी, घंटा होईल आता. कप राहू देत तिथंच.

मी धुते.