चंद्राक्काची सोबत

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच — रोग सापडला, म्हणजे रोगी वाचला का? माना डोलावू नका, आधी कथा ऐका!

एका गावात चंद्राक्का राहायची. विधवा, एकटी, देवळापुढं हार ओवून पोट भरायची. साखरेचा आजार जुना. एकदा देवळाच्या मंडपात डोळ्यांचं शिबिर भरलं. नवं यंत्र आलं — ते डोळ्याच्या आतला फोटो काढायचं आणि डॉक्टरच्या आधी स्वतःच सांगायचं, बिघाड आहे की नाही! सरपंच दत्तोबानं यंत्रापुढं नारळ फोडला, हळद लावली — ती नेमकी भिंगावर! नर्सबाई ओरडल्या, "अहो, देव नाही तो! पुसा आधी!"

पहिली बसली चंद्राक्का. क्षणात निकाल — आत रक्त उतरलंय, उपचार नाही झाला तर नजर जाईल. खरं तेच बोललं हं यंत्र! त्याला नावं ठेवू नका. दत्तोबा माईकवर गरजला, "पैला पेशंट घावला!" नर्सबाईंनी माईक घेतला. "आजी, जिल्ह्याच्या दवाखान्यात जा. डोळ्यांत थेंब घातले की धूसर दिसतं. सोबत कुणीतरी आणा."

सोबत! आता ती कुठून आणायची? अक्का एकटीच गेली, परत पाठवली. पुन्हा गेली, पुन्हा तेच. इकडं सुईत दोरा जाईना. पण कुणाच्या दारात उभं राहून म्हणायचं — माझ्याशेजारी बसायला चला? जीभच रेटेना! शेवटी दवाखान्यात तिनं ठोकून दिलं, "भाचा भाईर उभा हाय." भाचा! जिला ना भाऊ ना बहीण, तिला भाचा कुठला हो?

लेसर झालं, नजर वाचली. पण बाहेर पडली तर डोळ्यांपुढं नुसता पांढरा उजेड! स्टँडवर एसटीच्या पाट्या दिसेनात. "बाबा, ही गाडी कुठली?" — माणसं घाईनं पुढं निघून जायची. मग विचारायचंही थांबली. पदर डोळ्यांवर ओढून बाकावर बसून राहिली.

किती वेळानं एक ओळखीचा आवाज — दत्तोबा!

"अक्का? एकलीच? सांगायचं न्हाई व्हय? मी आलो असतो की!"

"दत्तू, सोबत लागंल, हे बाईंनी तुझ्याच माईकवर सांगितलं हुतं. समद्या गावानं ऐकलं."

दत्तोबानं तिची पिशवी उचलली, हात धरला.

मंडळी, यंत्र आपल्याही गावात येईल. यावं! ते रोग ओळखील. पण त्या बाकावर शेजारी कोण बसणार? तुमच्या आळीत असं एक माणूस आहे — आठवलं ना नाव? मग मला नका सांगू. जाताना त्याच्या दाराशी थांबा आणि एवढंच विचारा — "दवाखान्यात कधी निघायचं?"